पाचशे एकवीस कुठून आलं

व्हॅनिलिनला आईस्क्रीमचा वास येतो. खरं म्हणजे आईस्क्रीमला व्हॅनिलिनचा वास येतो, पण मी आईस्क्रीम आधी खाल्लं होतं आणि व्हॅनिलिनची बाटली उघडली ती एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, नांदेडच्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत. त्यामुळे माझ्या डोक्यात ते उलटंच बसलं आहे.

माझ्या प्रोजेक्टमध्ये त्या व्हॅनिलिनला ग्लुकोज जोडायचं होतं. ग्लुकोजही साधं नाही, त्याची चार टोकं ॲसिटिलच्या गटांनी झाकलेली. दोन्ही नीट जोडले गेले की पांढरे, सुईसारखे बारीक स्फटिक मिळतात आणि त्यांना वास येत नाही. दिवाळीनंतर काम सुरू केलं आणि बिघडत बिघडत फेब्रुवारीत तसे स्फटिक हाती आले. मी त्यांचा खूप वेळ वास घेतला. आईस्क्रीम कुठेच नव्हतं.

सरांना जाऊन सांगितलं, "सर, झालं बहुतेक. वास गेला."

सर माझे गाईड. ते म्हणाले, "नाकाचा रिपोर्ट परीक्षकाला चालत नाही. मास करून आण."

मास म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्री, रेणूचं वजन बघायची पद्धत. मला जो रेणू करायचा होता त्याचं वजन कागदावर चारशे ब्याऐंशी येत होतं. यंत्रात तेवढं भरलं तर पदार्थ माझा. नाही भरलं तर प्रबंधातलं माझं शेवटचं प्रकरण गळणार आणि उरणार फक्त इतरांनी काय केलं त्याचा गोषवारा. पुन्हा पहिल्यापासून करायला परीक्षेआधी वेळ नव्हता. आणि आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, तोवर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून बसले होते की आमच्या पोरीनं नांदेडला नवीन पदार्थ तयार केलाय.

उदगीरकडच्या एका गावात आमचं किराणा दुकान आहे. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे मला न समजलेली गोष्ट विचारायला घरी कुणी नसतं, आणि कॉलेजात विचारायची मला भीती वाटते. ही भीती अजून गेलेली नाही. मी लिहीत आहे त्यातलंही मला सगळं समजलं आहे असं नाही.

पहिलं मास विद्यापीठातल्या यंत्रावर झालं. रिपोर्ट म्हणजे एका आडव्या रेषेवर उभ्या रेघा, काही उंच, काही बुटक्या, प्रत्येकीच्या डोक्यावर आकडा. मी चारशे ब्याऐंशी शोधलं. नव्हतं. तिथं तर कागद कोरा होता. सगळ्यात जड रेघ तीनशे एकतीसची. मग एकशे एकोणसत्तर, एकशे बावन्न, आणि अगदी डावीकडे त्रेचाळीसची सगळ्यात उंच.

अप्पांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं की वजन कमी भरलं.

"किती कमी?"

"लई कमी. दीडशे."

"मग काटा खोटा आसंल," अप्पा म्हणाले. "दुसऱ्या काट्यावर बग."

सरांनी मात्र रिपोर्ट पाहून मान डोलावली. त्यांनी कागद उलटा केला आणि पाठीमागे चित्र काढलं. पदार्थ तापवून त्याची वाफ करायची. वाफेवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा. मारा बसला की रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडून जातो आणि रेणूवर धन भार येतो. तो झाला आयन. आता त्याला ओढता येतं, पळवता येतं, वळवता येतं. हलका जास्त वळतो, जड कमी. त्यावरून वजन.

मी घाबरत विचारलं, "सर, पण त्याला भार द्यायचाच कशाला? आहे तसाच नाही का मोजता येत?"

"भार नसला तर यंत्राला तो दिसतच नाही."

"म्हणजे आत असला तरी?"

"असला तरी. पंप त्याला ओढून बाहेर टाकतो. गेला म्हणून नोंदही होत नाही."

हे मला फार चमत्कारिक वाटलं. आमच्या दुकानात काट्यावर काहीही ठेवलं तरी काटा हलतो. गूळ ठेवा, खिळे ठेवा, मांजर बसलं तरी हलतो. काहीतरी चिकटवल्याशिवाय किंवा काढून घेतल्याशिवाय ज्याला वजनच कळत नाही, असला कसला काटा? सरांना मी एवढं सगळं विचारलं नाही. नुसतं "हो सर" म्हटलं.

सर पुढे म्हणाले की इलेक्ट्रॉनचा मारा जोराचा असतो. इलेक्ट्रॉन उडाल्यावर जास्तीची ऊर्जा रेणूत उरते आणि नाजूक रेणू टिकत नाहीत, फुटतात. माझा अख्खाच्या अख्खा फुटला होता. कागदावर दिसत होते ते तुकडे. तीनशे एकतीस म्हणजे झाकलेली साखर. एकशे बावन्न म्हणजे व्हॅनिलिन. त्रेचाळीस म्हणजे साखरेच्या टोकावरून सुटलेला ॲसिटिल.

हे मला कळलं, कारण पापडाचं पाकीट मी लहानपणापासून हाताळलं आहे. पोत्याखाली सापडलेल्या पाकिटात हात घातला तर तुकडेच येतात, आणि तुकड्यांवरून पापड उडदाचा होता की नागलीचा हे सांगता येतं. पण माझी अडचण निराळी होती. तुकडे साखरेचेही होते आणि व्हॅनिलिनचेही. पण ते फुटायच्या आधी एकमेकांना जोडलेले होते, की नुसते एका बाटलीत शेजारी शेजारी होते?

सरांना हे विचारलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "बरोबर," ते म्हणाले. "या कागदावरून ते सांगता येणार नाही. मऊ पद्धतीनं करावं लागेल."

मऊ पद्धत म्हणजे ईएसआय. तिच्यात तापवून वाफ करायची नसते. पदार्थ पातळ द्रावणात विरघळवतात आणि सुईसारख्या बारीक नळीतून फवारतात. नळीला मोठा विद्युतदाब जोडलेला असतो, म्हणून उडणारा प्रत्येक थेंब भार घेऊन उडतो. थेंब वाळत जातो, लहान होत जातो, भार मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे आतली गर्दी वाढते आणि थेंब फाटतो. असं होत होत शेवटी रेणू उरतो आणि त्याला एखादा भार चिकटलेला असतो. पुस्तकात हे वाचताना मला मंगल कार्यालयातले तुषार मारणारे मोठे पंखे आठवले. मे महिन्याच्या लग्नात त्यांच्यासमोर उभं राहिलं तर थेंब येताना दिसतात आणि अंगापर्यंत पोचत नाहीत. त्या थेंबांत काही विरघळलेलं असेल तर ते शेवटी कुठं जात असेल, असं मी तेव्हा कधी मनात आणलं नव्हतं.

रेणू फुटत नाही, अख्खा येतो. पुस्तकात लिहिलं होतं की बहुतेक वेळा त्याला एक प्रोटॉन चिकटतो, म्हणून वजन एकनं जास्त दिसतं. मला चारशे त्र्याऐंशी हवं होतं. ते मी मनात घोकत राहिले.

हे यंत्र आमच्याकडे नाही. सरांचे एक मित्र लातूरच्या कॉलेजात शिकवतात. ते सोमवारी हैदराबादला नमुने पाठवणार होते. उन्हाळ्याचं सकाळचं कॉलेज, नमुना सातच्या आत त्यांच्या हातात हवा. नांदेडहून तेवढ्या लवकर पोचणं शक्य नव्हतं, उदगीरहून पहिल्या गाडीनं होतं. म्हणून मी मुख्य साठा प्रयोगशाळेतच ठेवला, त्यातले चिमूटभर स्फटिक बोटाएवढ्या काचेच्या बाटलीत घेतले आणि रविवारी घरी गेले.

अव्वा, म्हणजे माझी आई, पूजा आटोपून उठत होती. तिनं हात पुढे केला.

"हेच का ते?"

"हाव."

"येवढंसंच?"

"येवढंच लागतंय."

"वास बगू." तिनं झाकण काढलं, बाटली नाकाला लावली. परत लावली. "काईच येत न्हाई की गं."

"येतच न्हाई त्याला. तेच तर केलंय मी."

"वास घालवायला दोन वर्सं शिकलीस?" अव्वा म्हणाली, आणि दुकानातून अप्पांचं हसणं ऐकू आलं.

मग तिनं झाकण लावलं आणि विभूतीची तीन बोटं बाटलीवर ओढली. आमच्याकडे हे असंच असतं. नवीन काही घरात आलं की त्याला विभूती लागते. अप्पा रोज सकाळी दुकान उघडलं की दोन्ही काट्यांना लावतात, विजेवरच्या नव्यालाही आणि तेलासाठी ठेवलेल्या जुन्या तराजूलाही. माझ्या बारावीच्या मार्कशीटला लावली होती, पहिल्या मोबाईलला लावली होती. अव्वाची बोटं झाकण काढतानाही पांढरी होती आणि लावतानाही. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट बरं वाटलं. रात्रभर बाटली देवापाशी होती, आणि सोमवारी सकाळी लातूरला मी ती तशीच सरांच्या मित्राच्या हातात दिली.

रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत होते. माझी रूममेट भोकरकडची, माझ्याच वर्गातली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय गं, हसून राहिली का रडून राहिली? तोंडावरून कळंना मला."

"वजन जास्त भरलं."

"मग बरंय की. आमच्या मोंढ्यात माल जास्त भरला तर लोक पेढे वाटतेत."

चारशे त्र्याऐंशी नव्हतंच. पाचशे पाचला एक उंच रेघ होती आणि पाचशे एकवीसला दुसरी, तिच्याहून थोडी बुटकी. मी पुस्तकाप्रमाणे पाचशे पाचमधून एक वजा केला. पाचशे चार. म्हणजे मला हवं होतं त्याच्यापेक्षा बावीस जास्त. मी बावीस वजनाचं काय असू शकतं ते शोधत बसले. कार्बन बारा, हायड्रोजन एक, ऑक्सिजन सोळा. कशीही बेरीज केली तरी बावीस जमेना. पाचशे एकवीसमधून एक काढला तर अडतीस जास्त. तेही जमेना.

एका काट्यानं दीडशे कमी दाखवलं, दुसऱ्यानं बावीस जास्त. नाहीतर अडतीस जास्त, कोणती रेघ खरी धरायची तेही कळत नव्हतं. साठा तोच, स्फटिक तेच. खरंच वाटायला लागलं की त्यात मी केलेलं काही नाहीच, कुठलातरी तिसराच पदार्थ आहे आणि त्यालाही योगायोगानं वास येत नाही. सर परीक्षेच्या कामाला बिलोलीला गेले होते. फोनवर विचारायचं धाडस झालं नाही.

त्या संध्याकाळी मी अप्पांना फोन लावला. सांगण्यासारखं काही नव्हतं, उगीच लावला. दुकानात गिऱ्हाईक होतं. अप्पा मला "बोल माय" म्हणाले आणि लगेच दुसऱ्या कुणाला तरी, "आवो मावशी, थांबा की, तेल कुटं पळून चाललं? रिकामी किटली आदी ठिवा. धडा करू द्या."

"सारका काय किटलीचा धडा करता?" मावशींचा आवाज आला. "परवा केला व्हता की."

"परवा बाटली व्हती तुमची, पलाष्टिकची. ही पितळंची हाय. त्योच धडा धरला तर म्या बुडतो का तुमी?"

आमच्याकडे अजून सुटं तेल विकतात. ज्यानं त्यानं आपापलं भांडं आणायचं. रिकामं भांडं एका पारड्यात ठेवून दुसऱ्या पारड्यात खडे, जुने नट, जे असेल ते टाकून काटा मध्यावर आणायचा. यालाच धडा करणं म्हणतात. मग तेल. दर भांड्याचा धडा वेगळा. दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः कितीदा केला आहे.

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे, अप्पा बोलत असतानाच ठेवला. मी सगळीकडे एकच वजा करत होते. कारण पुस्तकात प्रोटॉनचं उदाहरण होतं आणि मी तेच धरून बसले होते. पण भार घेऊन येणारा दुसराही असू शकतो. पाचशे पाचमधून चारशे ब्याऐंशी गेले, तेवीस उरले. तेवीस म्हणजे सोडियम. बारावीच्या वर्गातल्या भिंतीवर टांगलेल्या तक्त्यात मी ते हजारदा पाहिलं होतं. आणि पाचशे एकवीसमधून चारशे ब्याऐंशी, एकोणचाळीस. पोटॅशियम.

रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली, "तुला सोडियम आणि पोटॅशियम आत्ता कळलं? यम्मेस्सी करून राहिली ना तू?"

सर आल्यावर मी त्यांच्यासमोर कागद ठेवला. त्यांनी पाचशे पाचवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "छान. ऑक्सिजन जास्त असलेले असे रेणू प्रोटॉन धरत नाहीत, सोडियम धरतात. ते कुठूनही येतं, काचेतून, हाताच्या घामातून. काही लोक तर मुद्दाम घालतात. आणि हे पाचशे एकवीस?"

"पोटॅशियम, सर."

"किंवा?"

मी परत कागदाकडे पाहिलं.

"पाचशे पाच आणि पाचशे एकवीस. फरक किती?"

"सोळा."

"सोळा काय असतं?"

ऑक्सिजन. व्हॅनिलिनमध्ये ॲल्डिहाइडचा गट असतो आणि तो हवेनं हळूहळू ॲसिड होतो, म्हणजे एक ऑक्सिजन जास्त घेतो. हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. माझे स्फटिक बिघडले असतील, त्यातले बरेच ॲसिड झाले असतील आणि त्या ॲसिडला सोडियम चिकटलं असेल, तरी पाचशे एकवीसच येणार. दोन वेगवेगळ्या गोष्टी आणि आकडा एक.

"पोटॅशियमही थोडं येतं," सर म्हणाले, "पण इतकं उंच मी फारसं पाहिलेलं नाही. कशानं आलं असेल?"

तेव्हा मला अव्वाची बोटं आठवली.

"सर, त्याला विभूती लागली असेल."

सरांनी चष्मा काढला. "कुणाची?"

"अव्वाची. म्हणजे आईची. तिनं बाटली उघडली होती."

सर हसले, पण वाईट हसले नाहीत. "शेणाची राख. तिच्यात पोटॅशियम असतं खरं. असू शकतं. पण असू शकतं, एवढं प्रबंधात लिहून भागत नाही. बाहेरचा परीक्षक हाच प्रश्न विचारणार. साठा तुझा इथंच आहे ना? त्यातला नमुना नव्या बाटलीत घे, मिथेनॉलनं धुतलेल्या. पुढच्या सोमवारी परत पाठव. राख न लावता. पाचशे एकवीस गेलं तर राखेचं होतं. राहिलं तर तुझा ॲल्डिहाइड गेला."

टीएलसीच्या पट्टीवर तपासून पाहिलं होतं; तिच्यावर पदार्थ चढत जातो आणि एकच स्वच्छ ठिपका उमटला तर तो शुद्ध. ठिपका एकच होता, पण त्याला खाली किंचित शेपूट आहे की मलाच तसं दिसतंय, ते ठरवता येईना. रूममेट म्हणाली शेपूट आहे. मग म्हणाली नाही.

त्या आठवड्यात माझ्या मनात जे चाललं होतं ते मला आवडलं नाही. मला अव्वाची चूक निघायला हवी होती. तिच्या हातानं नमुना खराब झाला असेल तरच माझा पदार्थ बरोबर ठरणार होता. ती निर्दोष असेल तर माझं वर्ष गेलं. पूजेला बसताना डोळ्यांपुढे तिची पांढरी बोटं यायची आणि मी मनातल्या मनात, असू दे, राखच असू दे, म्हणायचे. कोणाकडे म्हणायचे, ते माहीत नाही.

"घरी जाऊच नको," रूममेट म्हणाली. "लातूरला कुणाकडं तरी राहा."

पण लातूरला माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. रविवारी मी घरी गेले. बाटली प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, पिशव्या डब्यात, डबा दप्तरात. न सांगता गप्प राहता आलं असतं. पण मी चप्पल काढते ना काढते तोच अव्वा म्हणाली, "ह्या बारीला बाटली कुटं हाय? काड की."

"अव्वा, ह्या बारीला विभूती नगं."

ती दारातच थांबली. "का गं?"

"मशीनला चालत न्हाई."

"मागच्या बारीला चालली की."

"तेच तर कळंना. चालली का न्हाई तेच बगायचंय."

"बाटलीला बी आता शिवाशिव सुरू केलीस व्हय?" ती म्हणाली. चेष्टेनं म्हणाली असेल, पण वळून आत गेली. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले आणि सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, रेणूला भार लागतो. भार म्हणजे काय, तर, समज, त्याला कुणीतरी हात धरून न्यावं लागतं. एकटा गेला तर यंत्राला दिसत नाही. मागच्या वेळी कोणी हात धरला ते बघायचं आहे.

"मंग माज्या विभूतीनं हात धरला तर काय बिगडलं?"

खरं तर काहीच बिघडलं नव्हतं. पोटॅशियम चिकटलेला रेणूसुद्धा माझाच रेणू होता, धडा वजा केला की तेवढाच भरत होता. बिघडलं होतं ते एवढंच, की तो तोच आहे हे मला ठामपणे सांगता येत नव्हतं.

सकाळी निघताना अव्वानं माझ्या कपाळाला विभूती लावली. मी कपाळ पुढे केलं आणि दप्तर दोन्ही हातांनी पाठीमागे धरलं. तिनं ते पाहिलं. दप्तराकडे एकदा बघितलं आणि बोटं पदराला पुसली.

लातूरला सरांच्या मित्रासमोर मी हातमोजे घातले तेव्हा ते माझ्या कपाळाकडे बघून म्हणाले, "कपाळाला हात लावू नकोस म्हणजे झालं." त्यांना आमच्या सरांनी सगळं सांगितलेलं होतं.

हैदराबादचा दुसरा रिपोर्ट मी रूममेटला उघडायला सांगितला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

"पाचशे पाच हाय," ती म्हणाली. "चांगलं मोठं."

"पुढं?"

"पुढं काई न्हाई."

"पाचशे एकवीस?"

"बाई, तिथं नुसतं गवत हाय. बग ये."

मी जाऊन पाहिलं. तळाशी बारीक खुरटं होतं, त्यातलं पाचशे एकवीसचं खुरटं कोणतं ते बोटांनी मोठं करून बघावं लागत होतं. पाचशे पाच मात्र सरळ उभं. ॲल्डिहाइड गेला नव्हता. जोड होती. पदार्थ माझाच होता. मी तिला मिठी मारली आणि ती म्हणाली, आता तरी पेढे.

सरांनी प्रबंधात दोन्ही रिपोर्ट लावायला सांगितले, एकाखाली एक. पहिल्याखाली काय लिहावं यावर मी खूप अडले. शेवटी लिहिलं, नमुना हाताळताना पोटॅशियमयुक्त राखेचा संपर्क. सर म्हणाले, ठीक आहे.

घरी फोन केला तेव्हा अव्वानं उचलला. मी म्हटलं, "अव्वा, माझा पदार्थ बरोबर निघाला. आणि मागच्या बारीला तुझी विभूती मशीनला दिसली."

मग फोन तोंडापासून लांब गेला आणि मला तिचा आवाज ऐकू आला, "ऐकलं का, हैद्राबादच्या मशीनला आपली विभूती दिसली म्हनं."

दुकानातून अप्पा म्हणाले, "मंग काटा खरा हाय."

अव्वा परत फोनवर आली. "दिसली तर मंग दुसऱ्या बारीला का लावू दिली न्हाईस?"

"अगं, न लावता दिसती का न्हाई, तेच तर बगायचं व्हतं."

"न लावता कशी दिसंल?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "हाव, न्हाई दिसली." मग तिनं विचारलं, जेवलीस का.